रेंज नाही, नेट नाही आणि कस्टमर केअरला माणूस नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेच हेच प्रश्न लोक परत परत विचारतात आणि उत्तर बहुतेक वेळा "फोन बंद करून चालू करा" एवढंच मिळतं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. सुरुवातीलाच एक सांगतो, "नेटवर्क नाही" ही एक तक्रार नाहीये. रेंजच नसणं वेगळं, रेंज आहे पण टॉवरवर गर्दी आहे हे वेगळं, नेट चालतं पण कॉल लागत नाही हे वेगळं आणि फोनची किंवा सिमचीच भानगड असणं अजून वेगळं. यातलं आपलं कुठलं ते कळलं तर कस्टमर केअरकडून काहीतरी हलायची शक्यता असते, नाहीतर तो त्याचं समोरचं वाचत बसतो आणि आपण आपलं ओरडत बसतो.

प्र. रेंजच्या दांड्या फुल दिसतात तरी नेट चालत नाही, असं का?

दांड्या फक्त टॉवरचा सिग्नल किती जोरात पोचतोय ते सांगतात. त्याच टॉवरवर त्या क्षणी आणखी किती लोक व्हिडिओ बघत बसलेत ते दांड्यांना माहीत नसतं. टॉवरची जी काही क्षमता आहे ती त्याच्या पट्ट्यातल्या सगळ्यांमध्ये वाटली जाते, त्यामुळे मॅच सुटली की स्टेडियमबाहेर फुल रेंजमध्ये साधा मेसेज जात नाही. कधीकधी टॉवर ठणठणीत असतो पण टॉवरपासून पुढे कंपनीकडे जाणारी फायबर किंवा मायक्रोवेव्हची लाइनच तोकडी असते, तेव्हापण दांड्या फुल आणि नेट गुल.

आणि दांड्यांचं सगळ्यांना लागू असलेलं ठरलेलं माप नाहीये. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारे ठरवतात. २०१० मध्ये आयफोन ४ विशिष्ट पद्धतीने हातात धरला की रेंज पडते म्हणून बोंबाबोंब झाली, तेव्हा अ‍ॅपलने जाहीर पत्र काढून मान्य केलं की दांड्या मोजायचं आमचं सूत्रच साफ चुकलेलं आहे आणि बऱ्याचदा दोन दांड्या जास्तीच्या दिसतायत. त्यामुळे दोन वेगळ्या फोनच्या दांड्या शेजारी धरून तुलना करण्यात काही अर्थ नाही.

प्र. मग खरी रेंज बघायची कशी?

डीबीएम नावाचा आकडा बघा. अँड्रॉइडमध्ये साधारण सेटिंग्ज, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस असं गेलं की सिग्नल स्ट्रेंथ म्हणून दिसतो (कंपनीप्रमाणे जागा थोडी इकडेतिकडे असते). आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्टचा स्क्रीन उघडतो, तिथे आरएसआरपी शोधा, म्हणजे ४जी सिग्नलच्या ताकदीचा तोच आकडा.

आकडा उणे असतो, म्हणजे उणे ८५ हे उणे ११० पेक्षा चांगलं. ४जीवर उणे ९० च्या आसपास असेल तर मजेत, उणे १०० ला काम चालतं, उणे ११० च्या खाली गेलं की अडखळायला लागतं आणि उणे १२० ला कॉल टिकला तर नशीब. यात दर दहाला सिग्नल दहा पटीने बदलतो, म्हणून उणे ९० आणि उणे ११० यात शंभर पटीचा फरक आहे, दिसताना तो वीसचा दिसतो. हा आकडा पुढे तक्रारीत कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

प्र. गॅलरीत फुल रेंज आणि आतल्या खोलीत शून्य. कंपनीचा दोष की घराचा?

दोघांचाही. सळयांचं काँक्रीट, पत्रे आणि हल्लीच्या उष्णता अडवणाऱ्या काचा, हे सगळं रेडिओ लहरी खातं. त्या काचेवर धातूचा अगदी पातळ थर असतो, डोळ्याला दिसत नाही पण सिग्नलला दिसतो, म्हणून कित्येक नव्या चकाचक ऑफिसात जुन्या बिल्डिंगपेक्षा वाईट रेंज असते. लिफ्ट तर चारी बाजूंनी धातूचा डबाच, तिथे कॉल तुटला म्हणून कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही.

कंपनीचा भाग असा, की तिच्याकडे तिथे कुठली फ्रिक्वेन्सी आहे यावर बरंच अवलंबून असतं. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून बऱ्यापैकी घुसतात, त्याच्यापुढे २३०० किंवा ३५०० ला स्पीड मस्त पण भिंत आली की दम जातो. म्हणून एकाच खोलीत तुमचं सिम मेलेलं आणि पाहुण्याचं सिम धावतंय असं होतं.

उपाय एकच खरा आहे, घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा. सेटिंग्जमध्ये असतं, फोन आणि कंपनी दोन्हींनी सपोर्ट दिलेला लागतो, आणि हे कस्टमर केअरवाले आपणहून क्वचितच सांगतात.

प्र. मला समोरच्याचं ऐकू येतं, त्याला माझं येत नाही. माइक गेलाय का?

माइकही असू शकतो पण आधी जागा बदलून बघा. टॉवर दहा-वीस वॉट किंवा त्याहून जास्त ताकदीने बोलतो आणि ४जीवर तुमचा फोन जास्तीत जास्त साधारण ०.२ वॉट. टॉवरचं तुमच्यापर्यंत पोचतं, तुमचं टॉवरपर्यंत जाता जाता मरतं. दांड्या दिसतात त्यापण टॉवरच्या आवाजाच्या, तुमचा आवाज तिकडे कसा पोचतोय ते तुमच्या फोनला दाखवता येत नाही. खिडकीत गेल्यावर "हां, आता येतंय" असं समोरून आलं तर माइक बरा आहे.

प्र. कमी रेंजमध्ये बॅटरी का उतरते?

याच कारणाने. टॉवर लांब असला की फोन जोर लावून बोलतो, शिवाय सारखा दुसरा टॉवर शोधत राहतो. जिथे रेंज नाहीच तिथे फ्लाइट मोड टाकून द्या.

जाता जाता, टॉवर आमच्या बिल्डिंगवर नको म्हणून सह्यांची मोहीम काढणारे आणि रेंज नाही म्हणून ओरडणारे पुष्कळदा एकच असतात. टॉवर जवळ असला की कानाला लावलेला फोन उलट कमी ताकदीने काम करतो, हे त्यांना कितीही सांगा.

प्र. फोन हातात आहे, चालू आहे, तरी लोक म्हणतात "तुझा फोन बंद येतोय". मी खोटं बोलतोय असं घरच्यांना वाटतं.

हा सगळ्यात जास्त भांडणं लावणारा प्रकार आहे. फोन त्या क्षणी नेटवर्कवर नीट नोंदलेला नसला की समोरच्याला "संपर्कक्षेत्राबाहेर" नाहीतर सरळ "बंद आहे" ऐकू येतं. तुमच्या स्क्रीनवर मात्र एक-दोन दांड्या दिसत असतात.

दुसरं कारण व्होल्टे. ४जी मुळात फक्त डेटासाठी आहे, त्याच्यावर कॉल जायला व्होल्टे चालू लागतं. ते बंद असेल तर कॉल आला की फोन ४जी सोडून २जी किंवा ३जीवर उतरतो आणि मग रिंग वाजते, आणि खाली ते जुनं नेटवर्कच नसेल तर उतरणार कुठे? अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं तेव्हा नेट चालणारे पण कॉल न लागणारे फोन लोकांच्या हातात राहिले. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ३जी बंद करताना तर असे फोन सापडले की जे रोजचे कॉल ४जीवर करायचे आणि इमर्जन्सी कॉलला मात्र ३जीच शोधायचे, ते नेटवर्कवरून बंदच करावे लागले. त्यामुळे "नेट चालतं, कॉल नाही" असं असेल तर पहिलं व्होल्टेचं बटण बघा, आणि फोन बाहेरच्या देशातला असेल तर तुमची कंपनी त्या मॉडेलला व्होल्टे देते का ते विचारा. हा प्रश्न असाच्या असा विचारायचा, "कॉल लागत नाही" म्हणालात की रीस्टार्ट करायला लावतील.

प्र. पाऊस आला की नेटवर्क जातं. पावसाने लहरी अडतात का?

फोन आणि टॉवरच्या मधल्या लहरींना पावसाने फारसा फरक पडत नाही. पण टॉवर ते टॉवर मायक्रोवेव्हची जी लिंक असते ती बरीच वरच्या फ्रिक्वेन्सीवर चालते आणि तिला मुसळधार पाऊस खरंच लागतो. त्याहून जास्त वेळा कारण साधं असतं, वीज जाते, टॉवरची बॅटरी काही तास खेचते आणि मग टॉवर आडवा. वीज गेल्यावर थोड्या वेळाने रेंज जात असेल तर हेच समजा आणि तक्रारीत तसंच लिहा.

प्र. फ्लाइट मोड टाकून काढला की नेट चालू होतं. हा काय प्रकार आहे?

फोन परत पहिल्यापासून नेटवर्कवर नोंदणी करतो, आणि जुन्या लांबच्या टॉवरला चिकटून बसला असेल तर जवळचा पकडतो. कधीतरी करायला लागलं तर ठीक, दर तासाला करावं लागत असेल तर तो उपाय नाही. सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकून बघा, तिथेही तेच झालं तर फोन सुटला आणि सिम किंवा नेटवर्क अडकलं. सिम बरंच जुनं असेल तर बदलून घ्या, नंबर तोच राहतो.

प्र. कंपनीच्या कव्हरेज मॅपवर आमचा भाग गडद रंगात आहे आणि इथे चिटपाखरू नाही!

तो मॅप कोणी गल्लीगल्लीत फिरून काढलेला नसतो. कॉम्प्युटरवर सूत्र मांडून काढलेला अंदाज असतो आणि तोसुद्धा बहुतेक वेळा घराबाहेरचा. या सूत्रांचं मूळ जपानात आहे, ओकुमुरा यांनी टोकियोच्या भागात केलेली मोजमापं १९६८ मध्ये आली आणि हाता यांनी १९८० मध्ये त्यावरून समीकरणं बसवली, पुढे त्यात पुष्कळ भर पडली. तुमच्या बिल्डिंगसमोर गेल्या वर्षी जी उंच इमारत उभी राहिली ती बघायला कुठलं समीकरण आलं होतं?

अमेरिकेत एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, हे तपासून पाहिलं होतं. त्यांची माणसं गाडी घेऊन फिरली आणि डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल आला की कंपन्यांच्या नकाशात सांगितलेला किमान स्पीड ६२ टक्क्यांच्या आसपास चाचण्यांतच मिळाला. म्हणजे मॅप बघून सिम घेऊ नका. पण मॅपचा स्क्रीनशॉट मात्र काढून ठेवा, "तुमच्याच मॅपवर इथे कव्हरेज आहे" हे तक्रारीत फार चांगलं वाक्य आहे.

प्र. ५जी फोन घेतला तर रेंजचा प्रश्न सुटेल?

टॉवरवरच्या गर्दीचा थोडा सुटेल. रेंजचा नाही. ५जीच्या ज्या वेगाच्या जाहिराती बघता तो वरच्या फ्रिक्वेन्सीचा असतो, भिंतीला घाबरणारा, आणि २६-२८ गिगाहर्ट्झवाला प्रकार तर झाडाच्या पानांनी आणि हाताच्या पंजानेही अडतो. आणि फोन ५जी-४जी असा सारखा उड्या मारत असेल तर काही दिवस सेटिंगमध्ये ४जीवर ठेवून बघा, बऱ्याच जणांचे कॉल तुटायचे थांबतात.

प्र. सिग्नल बूस्टर लावावा का? आणि ते फोनच्या मागे चिकटवायचे स्टिकर?

स्टिकर म्हणजे शुद्ध बनवाबनवी. बूस्टर खरा असतो पण बऱ्याच देशांत परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे, कारण स्वस्तातला बूस्टर टॉवरकडे नुसता गोंगाट फेकतो आणि आख्ख्या गल्लीची रेंज घालवतो. कंपनीकडून मिळणारा फेमटोसेल, म्हणजे घरात ठेवायचा छोटासा टॉवर, ही वेगळी गोष्ट, तो तुमच्या ब्रॉडबँडवर चालतो, मिळत असेल तर विचारा.

प्र. कस्टमर केअरला फोन केला की माणूस का येत नाही? एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा, परत पहिल्यापासून.

कारण माणूस महाग आहे आणि रेकॉर्डिंग फुकट. पण त्यामागे गणितही आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या अ‍ॅग्नर एर्लांग या गणितज्ञाने १९०९ पासून हेच मांडलं की किती कॉल येतात आणि किती लाइनी ठेवल्या तर लोकांना किती थांबावं लागेल, आणि कॉल सेंटरमध्ये किती माणसं बसवायची ते आजही त्याच्या सूत्रांवरून काढतात. त्यातली गंमत अशी की माणसं जवळजवळ पूर्ण वेळ कामात गुंतलेली ठेवली की वाट बघायचा वेळ हळूहळू वाढत नाही, एकदम उसळी मारतो. "आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत" हा अपघात नसतो, कोणीतरी एक्सेलमध्ये तो ठरवलेला असतो. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे म्हणे!

काय करता येतं: गर्दीच्या वेळा टाळा, म्हणजे सोमवार सकाळ आणि बिलाच्या तारखा सोडून फोन करा. जमेल तिथे चॅट किंवा ईमेल वापरा, लेखी पुरावा आपोआप तयार होतो. "नंबर बंद करायचा आहे" हा पर्याय दाबला की बऱ्याचदा माणूस पटकन येतो, का ते सांगायला नको.

प्र. दरवेळी तेच, रीस्टार्ट करा, सिम काढून घाला, चोवीस तास थांबा. यांना काही कळत नाही का?

कळतं हो, पण त्याच्या स्क्रीनवर तुमचा टॉवर दुरुस्त करायचं बटण नसतं. पहिल्या फळीतल्या माणसाला ठरलेल्या पायऱ्या करून घ्याव्याच लागतात, कॉल किती मिनिटांत संपवला यावर त्याचं मोजमाप चालतं, आणि नेटवर्कवाले इंजिनियर म्हणजे त्याच्यासाठीपण दुसऱ्याच बिल्डिंगमधले लोक. त्याच्यावर ओरडून नेटवर्क येत नाही. तुमचं काम एवढंच, त्याच्याकडून तिकीट, म्हणजे नंबर असलेली तक्रारीची नोंद, बनवून घ्यायचं आणि ते नेटवर्क टीमकडे जाईल असं बघायचं. सुरुवातीलाच सांगून टाका की रीस्टार्ट झालं, दुसऱ्या फोनमध्ये सिम टाकून झालं, व्होल्टे चालू आहे, आता नेटवर्क टीमकडे तक्रार नोंदवा आणि नंबर द्या. नंबर मिळेपर्यंत फोन ठेवू नका.

प्र. तक्रारीत नेमकं काय लिहायचं?

"तुमचं नेटवर्क भंगार आहे" हे खरं असलं तरी त्याने काही होत नाही. असं लिहा:

"१२ तारखेपासून रोज संध्याकाळी ७ ते १० घरी (पूर्ण पत्ता, पिनकोड, तिसरा मजला) कॉल मध्येच तुटतो. सिग्नल खोलीत उणे ११४, गॅलरीत उणे ९८. त्याआधी याच जागी उणे १०० च्या आसपास असायचा. दोन वेगळ्या फोनमध्ये तेच होतं. शेजारच्यांच्या तुमच्याच सिमवरही तेच. व्होल्टे चालू आहे. तुमच्या कव्हरेज मॅपवर ही जागा आहे, स्क्रीनशॉट जोडला आहे."

यात वेळ आहे, जागा आहे, आकडा आहे, आधी काय होतं ते आहे आणि फोनवर खापर फोडायची वाट बंद आहे. शेजाऱ्यांना वेगवेगळी तक्रार करायला लावा, एका टॉवरखालून पाच तिकिटं आली की ती एकत्र दिसतात.

प्र. "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे" असा मेसेज आला आणि रेंज तशीच!

हे सर्रास होतं, तिकीट वेळेत बंद करायचं टार्गेट असतं. नवीन तक्रार टाकू नका, तीच परत उघडायला सांगा आणि त्याच दिवशीचा नवा आकडा द्या. नवीन टाकली की घड्याळ शून्यापासून सुरू होतं. मेसेज डिलीट करू नका, काहीच न करता बंद केल्याचा पुरावा तोच आहे.

प्र. कंपनी दाद देत नसेल तर वर कुठे जायचं?

आधी कंपनीच्याच आतली वरची पायरी, अपील किंवा नोडल अधिकारी जे काही असेल ते. मग देशाप्रमाणे बदलतं. लोकांना वाटतं नियामकाला पत्र टाकलं की काम झालं, पण भारतातलं ट्राय आणि ब्रिटनमधलं ऑफकॉम एकेकट्या ग्राहकाचं भांडण स्वतः सोडवत बसत नाहीत, अमेरिकेत एफसीसीकडे तक्रार टाकली तर कंपनीला तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न हाच, कंपनीकडे केलेल्या तक्रारीचा नंबर काय?

प्र. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधला, त्यांनी एक अ‍ॅप टाकायला सांगितलं...

थांबा. तो कस्टमर केअर नाही. वैतागलेला माणूस पहिला दिसेल तो नंबर लावतो हे चोरांना पक्कं माहीत आहे. नंबर कंपनीच्या अ‍ॅपमधून नाहीतर बिलावरूनच घ्या. स्क्रीन दाखवायचं अ‍ॅप, ओटीपी, सिमवर मागे छापलेला लांबलचक नंबर, यातलं काही कोणाला द्यायचं नाही. आणि ध्यानीमनी नसताना रेंज पूर्ण गेली, बाकीच्यांची त्याच कंपनीची चालू आहे, तर तुमच्या नावावर कोणीतरी दुसरं सिम काढलंय का हे दुसऱ्या फोनवरून लगेच विचारा, आणि बँकेलाही कळवा.

प्र. रेंज नसताना इमर्जन्सी कॉल लागतो का?

"फक्त इमर्जन्सी कॉल" असं दिसत असेल तर तुमच्या कंपनीचा टॉवर नाही पण दुसऱ्या कोणाचा तरी आहे, आणि त्याच्यावरून कॉल जाऊ शकतो. ११२ हा नंबर फोनला इमर्जन्सीचा म्हणून ओळखता येतो. कुठल्याच कंपनीचा सिग्नल नसेल तर साध्या फोनवरून काही जात नाही. सिम नसताना लागेलच असं धरून चालू नका, ब्रिटन आणि जर्मनीत सिमशिवाय तो कॉल लागत नाही.

प्र. वैताग आलाय, पोर्ट करून टाकू का?

करा, पण रागाच्या भरात नको. नवीन कंपनी तिथे कशी चालते ते आधी बघा, दुसरं सिम किंवा ई-सिम घेऊन आठवडाभर त्याच खोलीत, त्याच संध्याकाळच्या वेळी वापरा. मित्राच्या गावात मस्त चालतं याला काही अर्थ नाही. छोट्या नावाची स्वस्त कंपनी असेल तर ती मोठ्या कंपनीचंच नेटवर्क भाड्याने वापरत नाही ना ते विचारा, नाहीतर नाव बदलेल आणि टॉवर तोच राहील. एकाच लोखंडी टॉवरवर तीन कंपन्यांची यंत्रं असू शकतात, त्यामुळे टॉवर एकच आहे म्हणून रेंज सारखीच असेल असंही नाही, फ्रिक्वेन्सी वेगळी असते.

पोर्टची रिक्वेस्ट टाकली की जुन्या कंपनीतून लगेच फोन येतो, इतके दिवस कुठे होता माहीत नाही, आणि डिस्काउंट वगैरे सांगतात. डिस्काउंटने उणे ११४ चे उणे ९० होत नाहीत, तेव्हा त्याला विचारा टॉवरचं काय, तारीख सांगा. तारीख सांगितली तर लेखी मागा. आणि जुनं बिल बाकी असेल तर आधी भरून टाका, नाहीतर त्याच्यावरूनच पोर्ट अडकवून ठेवतात.